एकोणसाठ हजार एक रुपयांची श्रीमंती

रेशनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अरे, लोक गाडीवरून येतात रेशन न्यायला!" फॅमिली ग्रुपवर येतं, कट्ट्यावर येतं, लग्नाच्या पंगतीतही येतं. मला या वाक्याचा राग आहे. ते दरवेळी खोटं असतं असं नाही, पण त्याच्या आड खरा प्रश्न लपतो: रेशनला पात्र कोण, हे ठरतं कसं?

अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला. तो राबवताना महाराष्ट्राने 'प्राधान्य कुटुंबा'साठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली: शहरात ५९,००० रुपये, गावात ४४,०००. एका माणसाचं नाही, अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न. पुढच्या दहा वर्षांत भाडं वाढलं, तेल वाढलं, गॅस वाढला. हा आकडा जागचा हलला नाही.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. ५९,००० भागिले १२, म्हणजे महिन्याला ४,९१७ रुपये. घरात चार माणसं धरली तर माणशी दिवसाला ४० रुपये. खोलीभाडं, लाइटबिल, औषधं, शाळा, सगळं त्यातच. गावात हाच हिशेब ३० रुपयांवर येतो.

आता दुसरा हिशेब. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने नवरा-बायको दोघांनी पंचाहत्तर दिवस काम केलं की घर ४४,००० च्या वर. अडीच महिने राबलात, आता तुम्ही गरीब नाही!

आणि हेच सरकार २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आणतं तेव्हा कुटुंबाची मर्यादा अडीच लाख ठेवतं. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी तर ती आठ लाख आहे. मग पोटाच्या बाबतीतच हात इतका आखडता का?

माझी मावशी पुण्यात तीन घरची धुणीभांडी करते. महिन्याला आठ हजार. कार्ड केशरी, पण धान्य नाही. एका एजंटाने तिला सांगितलं, "कमी उत्पन्नाचा दाखला काढू, होऊन जाईल." ती म्हणाली, "कमावते तेवढंच लिहीन." ती आजही वाण्याकडून तांदूळ आणते. नियम असा आहे की खरं बोलणारा बाहेर राहतो आणि खोटा दाखला आणणारा आत जातो. मग आपण नावं ठेवतो ती दाखला आणणाऱ्याला. मर्यादा ठरवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

बरं, मर्यादेत बसलात तरी धान्य मिळेलच असं नाही. राज्याचा इष्टांक ठरलेला आहे: साधारण सात कोटी लोक. तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. २०२१ ची जनगणना झालीच नाही. लोकसंख्या वाढली, रांग वाढली, इष्टांक तोच. म्हणून कुणाचं तरी नाव कमी झाल्याशिवाय नव्याला जागा नाही. गरिबाला गरिबाच्या जागेवर डोळा ठेवायला लावणारी ही व्यवस्था आहे.

"फुकट धान्याने लोक आळशी झाले," हेही ऐकतो. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो मिळतं. दिवसाला १६७ ग्रॅम. एवढ्यावर कुणाला आळशी होता येत असेल तर त्याने मलाही शिकवावं.

चोरी होत नाही असं मी म्हणत नाही. चारचाकीवाले, सरकारी नोकरीवाले, आयकर भरणारे यांना जरूर वगळा. पण मग उरलेल्यांना दाखल्याची अट न घालता आत घ्या. हे अशक्य नाही. तमिळनाडूत रेशनचा तांदूळ उत्पन्न न बघता मिळतो, आणि ते राज्य काही बुडालेलं नाही.

उत्पन्नाची मर्यादा ठरवणं राज्याच्या हातात आहे. त्यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही. ती महागाईप्रमाणे दरवर्षी वाढली पाहिजे. इष्टांक मात्र केंद्राने वाढवायला हवा, आजच्या लोकसंख्येप्रमाणे. मत मागायला येणाऱ्याला एवढंच विचारा: वर्षाला एकोणसाठ हजारांत तुमचं घर किती दिवस चालेल?