चालेल रे!

परवा शनिवारी पुण्याहून निघालो तो थेट इंदापूर तालुक्यात, पळसदेवला मामाकडे. मामेभावाचा फोन आला होता, "दादा, हेडसेट लॅपटॉपला लागतच नाहीये. तू ये."

भाऊ बारामतीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी खूप उतरलं आणि पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडलं, तेव्हा पठ्ठ्याने शेकडो फोटो काढून त्याचं थ्रीडी मॉडेल बनवलं. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं. आजीचा संसार त्याच गावात सुरू झालेला. आता गाळातून तिथवर जायला तिचे गुडघे तयार नाहीत. म्हणून तिला हेडसेट घालून देवळाभोवती फिरवायचं, असा बेत.

मित्राकडून आणलेला क्वेस्ट २ लॅपटॉपला जोडला की नुसता काळा पडदा! मग नेहमीचे सोपस्कार. केबल बदलली, यूएसबी ३ चं पोर्ट शोधलं, ड्रायव्हर नवा टाकला, विंडोजला 'इंटेलचं नको, एनव्हिडियाचंच कार्ड वापर' असं बजावलं. ढिम्म. शेवटी मेटाची यादी उघडली. जीटीएक्स १६५० सुपर चालतं. नुसतं १६५०? 'सपोर्ट नाही'. आमचं अर्थातच नुसतं.

आता खरी गोष्ट सांगतो. हा लॅपटॉप घेताना मामाने मलाच फोन केला होता. उसाच्या बिलाचे पैसे आले होते. "पोराला व्हीआर का काय करायचंय, हा चालेल का?" मी मीटिंगमध्ये होतो. "४ जीबी ग्राफिक्स आहे ना? चालेल रे मामा!" झालं. दुकानदाराला शिव्या द्यायचीही सोय नाही.

जीबीवरून कार्ड ओळखता येत नाही. १०६० चंच बघा, ६ जीबीवालं यादीत आहे, ३ जीबीवालं नाही. नाव तेच! शिवाय लिंक केबल म्हणजे साधी मॉनिटरची वायर नव्हे. कार्डाने दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं काढायची, त्यांचा व्हिडिओ दाबून यूएसबीतून पाठवायचा, तोही न अडखळता. अडखळलं तर बघणाऱ्याला गरगरतं. ७५ वर्षांच्या आजीला तर नक्कीच.

रात्री उशिरा सुचलं, केबल हवीच कशाला? क्वेस्ट स्वतःच एक अँड्रॉइड यंत्र आहे. युनिटीतून अँड्रॉइडसाठी बिल्ड करायचं, सगळं काम हेडसेटच करेल. मॉडेल हलकं करावं लागलं, शिखराची बारीक नक्षी गेली. पण रविवारी दुपारी चाललं. आजीने हात पुढे करून पायरी चाचपली आणि म्हणाली, "इथं नंदी होता की रं."

असो. निभावलं म्हणून माझी चूक माफ होत नाही. आपल्या घरात, गावात 'कम्प्युटरवाला' म्हणून आपला शब्द अंतिम असतो आणि पैसे दुसऱ्याचे असतात. कार्डाचं पूर्ण नाव विचारायचं, हेडसेटची यादी उघडायची, काम नेमकं काय आहे ते समजून घ्यायचं. फार तर दहा मिनिटं. तेवढी नसतील तर सरळ "रात्री बघून सांगतो" म्हणावं. 'चालेल रे' म्हणू नये.

तुम्ही शेवटचं 'चालेल' कुणाला म्हणालात? आठवतंय?