विषयांतराचा शिष्टाचार

परिसंवाद संपत आला की अध्यक्ष श्रोत्यांना प्रश्न विचारण्याचे आवाहन करतात आणि तेथूनच खऱ्या विषयांतराला आरंभ होतो. विषय मर्ढेकरांच्या प्रतिमासृष्टीचा असतो. उठलेले गृहस्थ मराठी शाळांच्या दुरवस्थेवर दहा मिनिटे बोलतात. नागपुरातल्या कोणाही प्राध्यापकाला हे दृश्य नवे नाही. (बाहेर चहा आल्याची वर्दी, हाच अशा वेळी एकमेव गुणकारी उपाय.) मात्र म्हणून विषयांतर मुळातच दोषार्ह ठरते काय?

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. गीतेच्या श्लोकात 'अहिंसा' हे केवळ एक पद आहे. ज्ञानदेव मात्र त्यावरून यज्ञातील पशुहिंसेकडे वळतात, औषधासाठी झाडे मुळासकट उपटणाऱ्या आयुर्वेदाकडे जातात, एकेक मत तपासत बरेच दूर पोचतात. मग ते स्वतःच थांबून श्रोत्यांच्या मनातला आक्षेप बोलून दाखवतात: हिरव्या चाऱ्यामागे गेलेल्या गुराला परतीचे भान राहात नाही, तसे आपले झाले असे कोणी म्हणेल. आणि लगेच कारण देतात. पद तीनच अक्षरांचे खरे, परंतु इतर मतांचा पसारा बाजूला सारल्याखेरीज त्याचा अर्थ उघडा होत नाही. विषयांतराचा सगळा शिष्टाचार मला येथे दिसतो. आपण वाट सोडली आहे याची जाणीव वक्त्यालाच प्रथम झाली आहे, त्याने ती लपवलेली नाही, आणि श्रोत्यांना त्याने कारण मागायलाही लावलेले नाही. आपल्या सभांतून नेमके हेच घडत नाही. 'जाता जाता सांगतो' म्हणणारा वक्ता जातही नाही.

दुसरे उदाहरण वेगळ्या जातीचे. 1975 साली, आणीबाणीत, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण तेव्हा केंद्रात मंत्री होते. कार्यपत्रिका प्रमाण मानली तर ते विषयांतरच होते. लेखनस्वातंत्र्यावर बंधने असताना साहित्याच्या व्यासपीठावरचा 'विषय' कोणता, हा प्रश्न मात्र त्या कृतीने उभा केला, आणि कार्यपत्रिकेपाशी त्याचे उत्तर नव्हते.

म्हणूनच 'विषयाला धरून बोला' हे वाक्य मला निरागस वाटत नाही. विषय ठरवतो कोण? सौंदर्यशास्त्रावरील चर्चेत एखाद्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातल्या निवडीमागच्या जातीचा प्रश्न काढला, की हे वाक्य हमखास ऐकू येते. निवृत्त विभागप्रमुखांच्या आठवणी मात्र अर्धा तास चालतात. तेव्हा अध्यक्ष घड्याळाकडेही पाहात नाहीत. 1956 च्या धम्मदीक्षेच्या या शहरात तरी हा भेद लक्षात यायला हवा. येथे दलित साहित्याविषयी बोलणाऱ्याला 'हा साहित्यबाह्य मुद्दा' असे उत्तर देणे म्हणजे चर्चा सुरू होण्यापूर्वीच ती मिटवणे होय.

तेव्हा अध्यक्षाने गप्प बसवण्याऐवजी एवढेच विचारावे: याचा प्रस्तुत विषयाशी संबंध कसा? ज्याच्यापाशी उत्तर आहे, त्याला दोन मिनिटे अधिक द्यावीत. ज्याच्यापाशी नाही, तो बहुधा आपणहून खाली बसेल. आणि नाहीच बसला, तर चहा आहेच.