लाल मातीची वाट आणि मोटारसायकलचा हट्ट

आमचा भाचा यंदा अकरावीला गेला. दहावीचा निकाल लागण्याआधीच त्याने आपाला सांगून ठेवले होते, पास झालो की मोटारसायकल. आमचे मेहुणे कुवैतला. वर्षातून एकदा येतात, तेव्हा मुलाच्या मागणीला नाही म्हणणे त्यांना जड जाते. आपाचा रात्री फोन आला, "भाईजान, हे पैसे पाठवतो म्हणतायत. तुम्ही जरा पोराशी बोला."

बोलणे सोपे नव्हते. कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत हे चित्र घरोघर दिसते. बाप आखातात, मुलगा सोळा वर्षांचा, दारात नवी गाडी. कायदा सांगावा तर तो स्पष्ट आहे: गिअरची मोटारसायकल चालवायला अठरा वर्षे पूर्ण हवीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याने पोरे थांबत नाहीत. "सगळेच चालवतात, मामू," हे उत्तर ठरलेले. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गातला एक मुलगा असाच वळणावर गेला. हजेरीपटावरच्या त्याच्या नावापुढे रेघ मारताना हात थरथरला होता, ते भाच्याला सांगावे की नाही, हे आम्हाला कळेना. शेवटी नाही सांगितले. त्याला म्हटले, "गाडीचा निर्णय तुझे अब्बा घेतील. तू एक रविवार आमच्याबरोबर चल."

आम्ही, म्हणजे शाळेतले तिघे. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एकदा सायकली काढतो आणि डांबर सोडून सड्यावरच्या, रानातल्या लाल वाटा धरतो. परदेशात याला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळ्या सायकली मिळतात: रुंद टायर, डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर. लाखभर रुपयांना घेतलेली अशी सायकल आम्ही एकदा पाहिली. कौतुक करून झाल्यावर टायरची रुंदी विचारली, तर 40 मिलिमीटर. आमच्या अब्बांच्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलचे टायरही तेवढेच रुंद! तेव्हा गावात डांबर नव्हतेच, सगळा प्रवास खडीवरचाच. नाव तेवढे नवे आहे.

डिसेंबरचा रविवार ठरला. फजरची नमाज पढून दापोलीहून निघालो तेव्हा अजून अंधूक होते. बेत पन्हाळेकाजीचा. वाकवलीपर्यंत खेडचा रस्ता, तिथून टेटवलीकडे वळायचे. दापोली समुद्रसपाटीपासून आठशे फुटांवर आणि लेणी खाली कोटजाई नदीच्या काठी. इथेच नवखा माणूस फसतो. सकाळी ताज्या पायांना उतार मिळतो, वाटते काय सोपे आहे! खरा चढ दुपारी, परत येताना, उन्हात. म्हणून माणशी तीन लिटर पाणी, खजूर, उकडलेली अंडी आणि परतीसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

वाकवली सोडली की झाडी दाट होते. ऐन, किंजळ, मध्येच काजूच्या बागा. डांबर कुठे आहे, कुठे नावापुरते, आणि जिथे बैलगाडीची जुनी वाट शेजारून जाते तिथे आम्ही ती धरतो. पावसाळ्यात जांभा झिजून त्याचे वाटाण्याएवढे गोल खडे सुटतात आणि दिवाळीनंतर ते वाटेवर पसरून राहतात. त्यावर चाक म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवर पाय. निघतानाच भाच्याला सांगितले होते की टायरमधली हवा कमी कर. तुझ्या वजनाला 35 ते 40 पौंड पुरे. कडक टायर खड्यावरून उडतो, मऊ टायर खड्याला धरतो. अगदीच कमी केली तर ट्यूब रिममध्ये चेपून फाटते, हेही सांगितले. त्याने ऐकून घेतले. हवा मात्र सोडली नाही.

लेण्यांकडच्या उतारावर तो पुढे निघाला. आम्ही हाक मारली, ती वाऱ्यात गेली. डावीकडे वळण होते. वळणात शिरल्यावर त्याने पुढचा ब्रेक दाबला, चाक सरकले आणि सायकल त्याच्या अंगाखालून निघून गेली. आम्ही पोहोचेपर्यंत तो बसता झाला होता. कोपर आणि गुडघा सोललेला, हेल्मेटला एका बाजूने खोल ओरखडा. कडेपासून दीड हातावर. आमच्या मनात काय आले ते लिहीत नाही, आईबापांना सांगायची गरज नाही.

कोणी रागावले नाही. जखम धुतली, पट्टी बांधली. मग आमच्या विज्ञानाच्या सरांनी त्याला त्याच वळणाचा चाकाचा माग दाखवला. इथे ब्रेक लागला, इथे चाक घसरले. सैल खडीवर ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना लावायचा, दोन्ही, आणि मागच्यावर भार जास्त. वळणात हात सैल ठेवून चाक फिरू द्यायचे. नजर चाकाजवळच्या दगडावर नाही, वळण संपते तिथे. आपण जिकडे बघतो तिकडेच सायकल जाते. दगडाकडे बघत बसला तर दगडावरच जाणार. भाचा म्हणाला, "सर, परत एकदा जाऊ?" सायकल वर ढकलत नेली आणि ते वळण त्याने चार वेळा घेतले. चौथ्यांदा नीट. त्याआधी न सांगता टायरमधली हवा सोडली होती.

खाली 29 लेणी आहेत. बौद्ध, शैव, नाथपंथी, शेकडो वर्षांत एकामागून एक पंथांची माणसे या एकाच दरीत राहून गेली. नववीत इतिहास शिकवताना जे फळ्यावर मांडता येत नाही ते तिथे पाच मिनिटांत कळते. कोटजाईच्या पाण्यात वजू केले, जुहर पढली, अंडी संपवली. झाडावर धनेशाची जोडी होती. तिचा आवाज ऐकून भाच्याला ती माकडे वाटली.

परतीच्या चढाबद्दल फार लिहीत नाही. दोनदा उतरून चाललो. वय चव्वेचाळीस, गुडघे त्याहून थोडे मोठे. भाचा पुढे जाऊन सावलीत थांबायचा, पाणी द्यायचा. बाटली हातात देताना एकदा म्हणाला, "मामू, तुमच्या वर्गातला तो मुलगा, त्याला मी ओळखत होतो." आम्ही मान हलवली. पुढे तोही काही बोलला नाही.

रात्री कुवैतचा फोन आला. पडल्याचे त्याने स्वतःच अब्बांना सांगितले, वळणासकट. मेहुण्यांनी आम्हाला फोनवर घेतले आणि आवाज खाली आणून विचारले, "गाडीचे पैसे थांबवू का?" आम्ही म्हटले, अठरा पूर्ण होईपर्यंत थांबवा, आणि त्याला हे तुम्हीच सांगा, आमच्याकडून नको. त्यांनी सांगितले. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक आहे. पण सायकलला डिस्क ब्रेक पाहिजे." गाडीचा विषय त्याने सोडलेला नाही. दीड वर्ष आहे अजून.

जानेवारीत दाभोळला जायचे आहे. तिथे सायकली फेरीबोटीत चढवायच्या आणि खाडीपलीकडे धोपाव्याला उतरून गुहागरच्या बाजूने फिरायचे. या वेळी आपाही खाडीपर्यंत रिक्षाने येणार म्हणते, डबा घेऊन.