ठाणावरचा घोडा

गेल्या चातुर्मासात माझे थोरले बंधू अतिदक्षता विभागात होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले आणि ‘पेशंट स्टेबल आहे’ एवढे सांगून निघून गेले. धोका टळला, असे मी तत्काळ सर्व आप्तांना दूरध्वनीवरून कळविले. वहिनींनी मात्र विचारले, “भाऊजी, स्टेबल म्हणजे नेमके काय हो?” मी म्हणालो, “बरे होत आहेत.” दुसऱ्या दिवशी प्रकृती ढासळली. दादा घरी परतले नाहीत.

पुढे कधीतरी शब्दकोश उघडला. इंग्रजीत ‘स्टेबल’ म्हणजे घोड्यांची पागा आणि ‘स्टेबल’ म्हणजेच स्थिर. दोन्ही शब्द लॅटिनमधील ‘स्तारे’, अर्थात उभे राहणे, या क्रियापदाच्या घराण्यातले. ‘स्ताबुलुम’ ही उभे राहण्याची जागा, तर ‘स्ताबिलिस’ म्हणजे नीट उभा राहू शकणारा. संस्कृतातील ‘स्था’ धातू याच कुळातला. घोडा बांधण्याच्या जागेला मराठीत ठाण म्हणतात, तेही ‘स्थान’चेच रूप. ‘कॉन्स्टेबल’ची कथा तर मोठी गमतीची. मूळ लॅटिन ‘कोमेस स्ताबुली’, म्हणजे राजाच्या पागेचा अधिकारी. फ्रान्समध्ये तो चढत चढत राजाच्या सैन्याचा प्रमुख झाला. आपल्याकडे मात्र शिपाई होऊन पोलीस ठाण्यात येऊन बसला. पागा सुटली, पण ठाणे काही सुटले नाही!

बँकेत आमचा ‘एस्टॅब्लिशमेंट’ विभाग होता. मराठी पाटीवर ‘आस्थापना’. दोन्हींच्या पोटात तेच उभे राहणे. ‘स्टेटमेंट’ही त्याच घरातले. खात्यावरील शिल्लक त्या दिवशी खाते कोठे उभे आहे एवढेच सांगते. ते वाढते आहे की आटते आहे, हे एका आकड्यावरून कळत नाही. ही गोष्ट मी ग्राहकांना आयुष्यभर समजावून सांगितली आणि रुग्णालयाच्या दारात नेमकी विसरलो.

नाडी, रक्तदाब, श्वास यांत तूर्त मोठा चढउतार नाही, एवढाच डॉक्टरांच्या ‘स्टेबल’चा अर्थ. कृत्रिम श्वासावर असलेला, औषधांच्या बळावर रक्तदाब टिकवून धरलेला रुग्णही त्यांच्या भाषेत स्टेबल असू शकतो. घोडा ठाणावर उभा आहे. तो धडधाकट आहे की आजारी, हे त्या शब्दात नाही. डॉक्टर खोटे बोलले नव्हते. भाषांतर माझे चुकले होते, आणि त्या चुकीपायी वहिनी त्या रात्री घरी जाऊन झोपल्या.

त्यांनी मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. त्या आता रोज सामायिकासाठी स्थानकात जातात. मागील महिन्यात शेजारचे काका रुग्णालयात होते, तेव्हा वहिनी सोबत गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, “स्टेबल आहेत.” वहिनींनी शांतपणे विचारले, “कशाच्या आधाराने? आणि कालच्यापेक्षा तो आधार आज कमी लागतो आहे की जास्त?”

डॉक्टर परत आत गेले आणि कागद घेऊन बाहेर आले.