भंगारातले स्टिअरिंग



तालुक्याच्या कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानापुढे आज एक नवे जनावर उभे दिसते. त्याचे इंजिन मोटरसायकलचे नाहीतर मालरिक्षाचे, चाके मोडीत निघालेल्या मारुतीची, सांगाडा अँगल आणि चॅनलचा, सीट कोण्या एस.टी.तले. कोणी त्याच्यावर फवारणीची टाकी चढवली आहे, कोणी मागे डवरे जोडले आहे, कोणी शेतातून कडबा आणि कापूस घरी आणायला त्याचा छकडा केला आहे. बैलजोडी बारा महिने पोसणे कोरडवाहू माणसाला झेपत नाही आणि पराटीच्या दोन तासांत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. या दोन अडचणींच्या मधल्या जागेत हे जनावर जन्माला आले. त्याला कोणी जुगाड म्हणतो, कोणी छोटा हत्ती. नाव काहीही द्या, गरज खरी आहे.

या यंत्राबद्दल बोलताना शहरातली माणसे दोनच सूर लावतात. एक सूर कौतुकाचा : वा, काय ही ग्रामीण प्रतिभा! दुसरा सूर दंडुक्याचा : हे बेकायदा आहे, जप्त करा. दोघांपैकी एकही यंत्राच्या खाली पाठीवर झोपून पुढच्या चाकांकडे बघत नाही. हा अग्रलेख तेवढ्याच कामासाठी आहे.

इंजिन बंद पडले तर गाडी उभी राहते. गिअरबॉक्स गेला तर पैसे जातात. ब्रेक निकामी झाला तर निदान गाडी नांगरटीत घालता येते. स्टिअरिंगचा एक सांधा निखळला की मात्र चालवणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही, आणि मागे बसलेल्या वेचणीच्या बायकांच्या हातात तर आधीपासूनच काही नसते. म्हणून बाकी सारे भंगारातून कसेही जमवा, पण स्टिअरिंग जमवताना डोके थंड ठेवा.

आपल्या बैलगाडीला हा प्रश्नच कधी पडला नाही. दोन चाके, एक आस. कासरा ओढला की बैल वळतात आणि आतले चाक हळू, बाहेरचे चाक जलद असे आपोआप फिरते. चार चाके आली की पंचाईत सुरू होते, कारण वळताना आतल्या चाकाचे वर्तुळ लहान आणि बाहेरच्याचे मोठे असते. दोन्ही सारखीच वळवली तर एक चाक घासत जाते. हे कोडे मोटारीच्या कितीतरी आधी घोड्यांच्या गाड्या बांधणाऱ्या म्युनिकच्या लांकेन्स्पर्गर नावाच्या कारागिराने १८१७ च्या सुमारास सोडवले. लंडनमध्ये ॲकरमन याने १८१८ साली त्याचे पेटंट घेतले आणि नाव ॲकरमनचे झाले. कारागिराचे डोके आणि दुकानदाराचे नाव, हा व्यवहार आपल्याला नवा नाही.

त्या कोड्याचे उत्तर सुतळीने तपासता येते. पुढच्या चाकाच्या किंगपिनपासून मागच्या आसाच्या मध्यबिंदूपर्यंत सुतळी ताणा. टायरॉड ज्या बॉलजॉइंटला जोडला आहे तो त्या सुतळीच्या रेषेवर किंवा अगदी जवळ आला पाहिजे. म्हणजे आर्म आसाच्या मागे असतील तर ते किंचित आत झुकलेले हवेत आणि पुढे असतील तर बाहेर झुकलेले. जागा पुरत नाही म्हणून डावीकडचे नकल उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे बसवून आर्म पुढे काढलेली यंत्रे आम्ही पाहिली आहेत. त्यात आर्म पुढेही येतात आणि आतही झुकतात. मग वळणावर दोन्ही चाके एकमेकांशी भांडतात, टायर उभे सोलून निघतात, आणि ओल्या काळ्या जमिनीत तुम्ही चाक फिरवले तरी पुढचे तोंड सरळच घसरत जाते.

या बाबतीत गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातील मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगाणी यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. त्यांनी १९९४ मध्ये बुलेट मोटरसायकलचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा आणि अवजारांचा सांगाडा बसवला आणि पेरणी-कोळपणीचे यंत्र उभे केले. ‘बुलेट सांती’ म्हणून ते देशभर गाजले, पुढे त्याला अमेरिकेचे पेटंटही मिळाले. सगळे कौतुक मागच्या सांगाड्याचे झाले. आम्हाला कौतुक वाटते ते त्यांनी न केलेल्या गोष्टीचे : पुढचा फोर्क, हँडल, चाक त्यांनी जसेच्या तसे ठेवले. म्हणजे वळवण्याची सारी व्यवस्था कारखान्यात बनलेली, एकमेकांना जुळणारी राहिली. शोध मागे लावला आणि पुढचे जपले.

चार चाकांच्या यंत्रातही हाच नियम पाळता येतो. भंगारवाल्याकडून स्टिअरिंग घ्यायचे तर एकाच गाडीचा पूर्ण संच घ्या : स्टिअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅगलिंक, टायरॉड, दोन्ही नकल आणि जमले तर पुढचा अख्खा आस. जुन्या जीपचा संच या कामाला बरा, कारण तिचा आस सरळ एकसंध आहे आणि आपले फॅब्रिकेटरही तसाच आस बांधतात. संच फोडला की काय होते ते सांगतो. बॉलजॉइंटची पिन निमुळती असते आणि तो उतार गाडीगणिक वेगळा असतो. एका गाडीची पिन दुसऱ्या गाडीच्या आर्ममध्ये वरून घट्ट वाटते, पण आत फक्त एका कडेवर टेकलेली असते. शंभर खड्डे खाल्ले की ती हलू लागते. मग कोणीतरी तिथे वेल्डिंगचा थेंब टाकतो. तो थेंब म्हणजे मरणाची खूण समजा.

मारुती ८०० स्वस्तात मोडीत मिळते म्हणून तिचे रॅक सर्रास बसवले जाते. रॅक वाईट नाही, पण ते स्वतंत्रपणे वरखाली होणाऱ्या चाकांसाठी केलेले आहे. तुमच्या यंत्राचा पुढचा आस एकसंध असेल, पाट्यांवर बसवला असेल, आणि रॅक मात्र चासीला घट्ट असेल, तर प्रत्येक खड्ड्यात आस वर जाणार, रॅक जागेवर राहणार आणि टायरॉड चाकांना ओढणार किंवा ढकलणार. चालवणाऱ्याने काहीही न करता चाके वळतात. पाटे नसलेल्या, शेतातच हळू चालणाऱ्या यंत्राला रॅक चालेल. पाट्यांच्या गाडीला बॉक्स आणि ड्रॅगलिंकच हवी, आणि त्या ड्रॅगलिंकचे मागचे टोक पाट्याच्या न हलणाऱ्या टोकाच्या शक्य तितके जवळ हवे. आणखी एक : आसाच्या मागे राहणारे रॅक तुम्ही तसेच उचलून पुढे बसवले तर उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाते. हसू नका. अमेरिकेत हौसेने गाड्या बांधणाऱ्यांनाही भंगारातल्या कॉर्वेअर गाडीच्या बॉक्सने असेच नाचवले. जागा बदलली की तो उलटा चाले आणि आतून पालटून घ्यावा लागे. पुढे त्यांनी १९७१ ते १९७७ च्या व्हेगा गाडीचा आटोपशीर बॉक्स शोधून काढला. भंगारातले व्हेगा बॉक्स कमी पडू लागले तेव्हा तिकडच्या कारखानदारांनी हौशी लोकांसाठी तसेच नवे बॉक्स बनवून विकायला सुरुवात केली. इथे गिऱ्हाईक हौशी नाही, पोटासाठी यंत्र बांधणारे आहे, तरी आपल्या एकाही कारखानदाराला ते दिसलेले नाही.

आता भंगाराच्या ढिगासमोर उभे राहून बॉक्स कसा पारखायचा. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, फेरे मोजा, निम्म्यावर आणा. ही सरळ चालण्याची जागा. गाडीचे सारे आयुष्य याच जागेवर जाते म्हणून झीजही इथेच असते. इथे ढिला आणि टोकांना घट्ट लागला तर बॉक्स संपलेला आहे. भंगारवाला वरचा स्क्रू आवळून दाखवील की बघा, प्ले गेला. मधला प्ले जाईल, पण टोकाला बॉक्स अडकेल, आणि वळणावर अडकलेले स्टिअरिंग ढिल्या स्टिअरिंगपेक्षा वाईट.

आर्म आणि नकल घरी आणल्यावर घासून स्वच्छ करा, रात्रभर रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी कोरडे पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेले तेल बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. रुपया-दोन रुपयांचा खडू आहे. एवढ्यासाठी कोणाला सबसिडी लागणार नाही. बॉलजॉइंट मात्र भंगारातले घेऊच नका, नवेच घ्या. कॅसल नटमधली स्प्लिट पिनही दर वेळी नवी. तिथे तार पिळून काम भागवणाऱ्या मिस्त्रीला दुकान बदलायला सांगा.

वेल्डिंगबद्दल एकच गोष्ट, पण ती नीट ध्यानात घ्या. लोहाराने पाणी दिलेली वखराची पास पुन्हा भट्टीत घातली तर पाणी उतरते, हे आपल्या घरातल्या पोरालाही ठाऊक आहे. ड्रॉप आर्म, स्टिअरिंग आर्म, नकल हे ठोकून घडवलेले आणि पाणी दिलेले पोलाद आहे. त्याला वेल्डिंगची आच लागली की जोडाशेजारची पट्टी कडक आणि ठिसूळ होते. ती त्याच दिवशी मोडत नाही. हजारो झटके खाऊन, आत तडा वाढवत, ऐन हंगामात मोडते. आर्म तापवून वाकवू नका, कापून लांब-आखूड करू नका. लांबी बदलायची असेल तर टायरॉडच्या आट्यांवर बदला.

हातातल्या चाकापासून बॉक्सपर्यंत एकच सरळ पाइप जोडणारेही पुष्कळ आहेत. समोरून धडक बसली की तो पाइप भाल्यासारखा छातीत येतो. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दबून आखडणारा दांडा कायद्याने सक्तीचा झाला तो याच कारणाने. आपल्याला तसा दांडा मोडीतल्या नव्या गाड्यांत आयता मिळतो. क्रॉस जॉइंटसकट उचला, जॉइंट दातेरी टोकावर बोल्टने आवळा, आणि त्याचा आत सरकणारा भाग खडखडतो म्हणून वेल्ड करून टाकू नका. किंगपिनचे वरचे टोक थोडे मागे झुकलेले ठेवा म्हणजे चाके वळणानंतर आपोआप सरळ होतात. पुढे झुकले तर गाडी वेगात सरळ न राहता इकडेतिकडे भटकू लागते.

आता कायदा. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, सुमारे ६०,००० रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. २०२१ च्या अखेरीस तिचा बोलबाला झाला. आनंद महिंद्र यांनी जाहीरपणे सांगितले की नियमात बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, म्हणून ती देऊन बोलेरो घ्या. आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. चांगले झाले. पण गावोगावच्या बाकीच्या लोहारांना कोण बोलेरो देणार?

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले की जुगाड हे मोटार वाहनच आहे आणि त्याला मोटार वाहन कायदा लागू होतो. कायद्याचे कलम ५२ कारखान्याने ठरवलेल्या रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. नवे वाहन बनवायचे तर नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेकडून नमुन्याची चाचणी करून घ्या. ही चाचणी हजारो गाड्या विकणाऱ्या कारखान्यासाठी आहे. एकच यंत्र बांधणारा शेतकरी त्या दारात उभाही राहू शकत नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची सरकारी तपासणी होते, पास झाली तर ती रस्त्यावर येते. २००९ पासूनची ती व्यवस्था आजही चालू आहे. अमेरिकेच्या अनेक राज्यांतही घरी बांधलेल्या गाडीची तपासणी करून नोंद होते. आमची मागणी तेवढीच आहे : जिल्ह्याच्या ठिकाणी आर.टी.ओ.चा निरीक्षक आणि आय.टी.आय.चा निदेशक यांनी शेतकऱ्याने बांधलेले एकेक यंत्र तपासावे, स्टिअरिंग आणि ब्रेक पक्के असतील तर वेगाची आणि रस्त्याची मर्यादा घालून परवाना द्यावा, नसतील तर काय दुरुस्त करायचे ते लिहून द्यावे. नुसती जप्ती करून पुढचे यंत्र अधिक सुरक्षित होत नाही, फक्त रात्री चालते.

मात्र ही मागणी करणाऱ्यांनी आपली बाजूही पाहावी. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. विमा नाही म्हणजे अपघातात वेचणीची मजूरबाई दगावली तर तिच्या लेकरांना कंपनी छदाम देणार नाही. भरपाईचा हुकूम झाला तर तो तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येईल. परवाना मिळेपर्यंत हे यंत्र शिवारात ठेवा. डांबरी रस्त्यावर आणू नका आणि मागे माणसे बसवू नका, मग कापूस कितीही भिजत असो. भंगार घेताना पावती घ्या; मेरठचा सोतीगंज बाजार डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी बंद पाडला तो चोरीच्या गाड्या तिथे सुटे भाग होऊन विकल्या जात म्हणूनच. चोरीचा बॉक्स निघाला तर भंगारवाला ओळखसुद्धा देणार नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत त्यांनी ती ट्रॉलीवर घालून आणावीत, रस्त्याने चालवत आणू नयेत. सोबत सुतळी, खडूचा डबा आणि ज्याने यंत्र बांधले तो मिस्त्रीही आणावा. सकाळी भाषणांच्या आधी पुढची चाके उचलून प्रत्येक यंत्र तपासले जाईल, आणि तपासणीचा कागद दोन प्रतींत होईल : एक मालकाला, दुसरी मागणीच्या अर्जासोबत आर.टी.ओ.ला.