एवढ्याशा खोलीचा विमा

ट्रॉम्ब्यास आमच्या धाकट्या भगिनीची दीडशें चौरस फुटांची खोली आहे. गेल्या पावसाळ्यांत शेजारची भिंत खचली, तेव्हां आम्हीं विम्याची गोष्ट काढली. "अण्णा, जागेचे भाव पाहतां हप्ता परवडेल का?" ती म्हणाली.

परंतु २०२१ च्या १ एप्रिलपासून सुरू झालेल्या 'भारत गृह रक्षा' विम्यांत जमिनीचें मोल धरीतच नाहींत. चटईक्षेत्रास बांधणीच्या दरानें गुणावें. हिशेब चौथीच्या मुलाचा! दर दोन हजार धरल्यास रक्कम तीन लाख. शिवाय तिच्या वीस टक्के, म्हणजे साठ हजारांपर्यंत, घरसामानास संरक्षण आपोआप. आग, पूर, भूकंप, दरड हीं सर्व त्यांत येतात.

भगिनीनें शिवणाची फीत काढून खोली मोजली. पोटमाळा धरावा कीं नाहीं, हें विमा कंपनीस विचारावयाचें आहे.