दोन भयनगरे

१८९८ साली बंगळुरूत प्लेगची साथ आली. जुन्या पेठांतील दाटीवाटीच्या वस्तीत मृत्यूने थैमान घातले. त्या साथीनंतर रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या हवेच्या मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती आकाराला आल्या. भयाला माणसाने दिलेले ते विधायक उत्तर होते. आज त्याच बसवनगुडीतील तरुण संगणकासमोर बसून हौसेने भय अनुभवतात. भयप्रद व्हिडिओ गेम हे त्याचे साधन. हे परक्यांचे खूळ आहे, असे म्हणून भागणार नाही. परदेशी गेमसाठी चित्रकाम करणारी ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही कंपनी १९९७ साली बंगळुरूतच स्थापन झाली. म्हणून हे खेळ धिक्कारण्यापूर्वी पारखून घेणे उचित ठरेल.

त्यासाठी दोन गाजलेले खेळ घेऊ. ‘सायलेंट हिल २’ हा जपानच्या कोनामी कंपनीचा खेळ २००१ साली आला. ‘बायोशॉक’ हा अमेरिकी खेळ २००७ साली. दोहोंत एकेक उजाड नगर आहे. पहिले धुक्यात बुडालेले आहे. मृत पत्नीच्या नावाने आलेले पत्र वाचून जेम्स तेथे येतो. जवळचा रेडिओ खरखरू लागला, की काहीतरी अमंगळ जवळ आले असे समजावे. जेम्स हा सामान्य माणूस. शस्त्र हाती असूनही तो दुबळाच वाटतो. दुसरे नगर समुद्राच्या तळाशी आहे. कोणाचेही बंधन नको, या हट्टापायी एका धनाढ्याने ते वसवले आणि बेलगाम स्वार्थाने ते उद्ध्वस्त झाले. येथे खेळाडूजवळ बंदुका आहेत, अद्भुत शक्तीही आहेत.

दोन्ही खेळांत खरा धक्का राक्षसांचा नाही. आजारी पत्नीचा प्राण आपणच घेतला, या सत्याला जेम्सला अखेर सामोरे जावे लागते. ‘बायोशॉक’च्या नायकाला कळते, की ‘कृपा करून’ अशा गोड शब्दांआडून आपल्याला गुलामासारखे राबवले गेले. निमूट आज्ञापालनाचा हा धोका मोठा आहे आणि तो दाखवणे हे या खेळाचे श्रेय होय.

तरीही ‘सायलेंट हिल २’ अधिक खोल उतरतो. लहान मुलींना वाचवायचे, की शक्तीसाठी त्यांचा बळी द्यायचा, हे ‘बायोशॉक’ उघड विचारतो. असे विचारल्यावर माणूस सावध होतो. ‘सायलेंट हिल २’ विचारत नाही. तो केवळ पाहतो. खेळाडूने जखमांची काळजी घेतली का, पत्नीचे छायाचित्र पुन्हा पाहिले का, अशा लहान कृतींवरून शेवट ठरतो. कोणी पाहत नाही असे वाटत असताना माणूस जसा वागतो, त्यातच त्याचा स्वभाव दिसतो.

हे खेळ हिंसक आहेत, हा आक्षेप खोटा नाही. अमेरिकेत दोन्ही सतरा वर्षांवरील व्यक्तींसाठीच ठरवलेले आहेत. ते बालकांच्या हाती देणे गैरच. परंतु नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचणाऱ्या मराठी माणसाला भयकथेतून मनाचा तळ दिसतो, हे नव्याने सांगायला नको. घरातील तरुण असा खेळ खेळत असेल, तर वडीलधाऱ्यांनी रागावण्याआधी त्या खेळाची गोष्ट त्याच्याकडून ऐकावी. त्याला ती सांगता आली नाही, उरली ती केवळ गोळीबाराची मोजदाद, तर मात्र काळजी करावी.